एक्सएसएलटीमधील साचा-जुळणी

साचा-जुळणी ही एक्सएसएलटी या रूपांतरण-भाषेतील मूलभूत प्रक्रिया आहे. एक्सएमएल दस्तऐवजातील एखाद्या नोडसाठी स्टाइलशीटमधील कोणता साचा, म्हणजेच टेम्प्लेट, लागू करायचा हे या प्रक्रियेत ठरते. एक्सएमएलपासून वेब पृष्ठ, दुसरा एक्सएमएल दस्तऐवज किंवा साधा मजकूर तयार करताना ही प्रक्रिया सारखीच चालते. मात्र साध्या मजकुराच्या बाबतीत तिच्यातील दोष ओळखणे विशेष कठीण असते. एखाद्या नोडशी कोणताही साचा जुळला नाही, तर प्रोसेसर सहसा त्रुटी दाखवत नाही. अंगभूत नियमांनुसार तो त्या नोडमधील मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवतो. साध्या मजकुरात खुणा उरत नसल्यामुळे हवा असलेला व नको असलेला मजकूर एकमेकांत मिसळतो. परिणामी नोंदी गळणे, रकाने सरकणे किंवा प्रसिद्ध करावयाची नसलेली माहिती आउटपुटमध्ये उतरणे असे प्रकार कोणत्याही इशाऱ्याविना घडू शकतात.

या लेखात एक्सएसएलटीच्या सूचना, गुणधर्म व फलने यांची नावे देवनागरी लिप्यंतरात दिली आहेत. प्रत्यक्ष स्टाइलशीटमध्ये ती रोमन लिपीतच लिहावी लागतात. एक्सएमएल दस्तऐवजातील घटकांची व गुणधर्मांची नावे मात्र देवनागरीत ठेवता येतात.

## पार्श्वभूमी

एक्सएमएल १.० हे मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केले. एक्सएमएल दस्तऐवजांचे रूपांतर करण्यासाठीची एक्सएसएलटी १.० आणि दस्तऐवजातील भाग निवडण्यासाठीची एक्सपाथ १.० ही दोन्ही मानके १६ नोव्हेंबर १९९९ रोजी प्रसिद्ध झाली. एक्सएसएलटी १.०चे संपादन जेम्स क्लार्क यांनी केले. २००७ मधील २.० आणि २०१७ मधील ३.० या आवृत्त्यांचे संपादन मायकेल के यांनी केले.

एक्सएसएलटी ही घोषणात्मक भाषा आहे. कोणत्या क्रमाने काय करावे, याची यादी स्टाइलशीटमध्ये सहसा नसते. ‘असा नोड आढळल्यास असे आउटपुट तयार करावे’ अशा स्वरूपाचे नियम तीत असतात आणि प्रत्येक नियम म्हणजे एक साचा होय. पहिल्याच आवृत्तीत आउटपुटच्या तीन पद्धती निश्चित करण्यात आल्या : एक्सएमएल, एचटीएमएल आणि साधा मजकूर. साध्या मजकुराची पद्धत स्वल्पविरामांनी विभागलेल्या सारण्या, डेटाबेसच्या आज्ञावली, लाटेक्स दस्तऐवज, संरचना-फाइली आणि अन्य भाषांमधील संगणकीय संहिता तयार करण्यासाठी वापरली जाते.

## जुळणीची प्रक्रिया

प्रोसेसर मूळ दस्तऐवज वाचून त्याचा वृक्ष तयार करतो. या वृक्षात मूळ नोड, घटक, गुणधर्म, मजकूर, टिप्पण्या, प्रक्रिया-सूचना आणि नेमस्पेस असे सात प्रकारचे नोड असतात. पुढील दस्तऐवज उदाहरणादाखल घेता येईल :

    <ग्रंथसूची>
      <ग्रंथ भाषा="मराठी">
        <शीर्षक>ययाति</शीर्षक>
        <लेखक>वि. स. खांडेकर</लेखक>
        <वर्ष>१९५९</वर्ष>
      </ग्रंथ>
      <ग्रंथ भाषा="मराठी">
        <शीर्षक>कोसला</शीर्षक>
        <लेखक>भालचंद्र नेमाडे</लेखक>
        <वर्ष>१९६३</वर्ष>
      </ग्रंथ>
    </ग्रंथसूची>

रूपांतराचा प्रारंभ मूळ नोडपासून होतो. प्रत्येक साच्याच्या ‘मॅच’ या गुणधर्मात एक आकृतिबंध दिलेला असतो. साचा अंमलात येत असताना ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’ ही सूचना आली की प्रोसेसर निवडलेल्या नोडांपैकी प्रत्येकासाठी पुन्हा जुळणारा साचा शोधतो. या सूचनेत ‘सिलेक्ट’ दिलेले नसल्यास चालू नोडची सर्व अपत्ये निवडली जातात.

आकृतिबंध उजवीकडून डावीकडे वाचल्यास त्याचा अर्थ लवकर स्पष्ट होतो. ‘ग्रंथ/शीर्षक’ हा आकृतिबंध ज्याचा जनक ‘ग्रंथ’ आहे अशा ‘शीर्षक’ घटकाशी जुळतो. ‘सिलेक्ट’मधील मार्ग चालू नोडपासून मोजला जातो; ‘मॅच’मधील आकृतिबंध मात्र नोडच्या वृक्षातील स्थानावरून तपासला जातो. या दोहोंची गल्लत हे अनेक दोषांचे मूळ असते.

### अंगभूत नियम

स्टाइलशीटमध्ये जुळणारा साचा नसल्यास पुढील नियम आपोआप लागू होतात :

* मूळ नोड व घटक : त्यांच्या अपत्यांवर प्रक्रिया चालू ठेवली जाते.
* मजकूर व गुणधर्म : त्यांचे मूल्य आउटपुटमध्ये उतरवले जाते.
* टिप्पण्या व प्रक्रिया-सूचना : काहीही केले जात नाही.

त्यामुळे एकही साचा नसलेली स्टाइलशीट वरील दस्तऐवजावर चालवली, तरी शीर्षके, लेखकांची नावे व वर्षे मूळ फाइलीतील मोकळ्या जागांसह छापली जातात. ‘भाषा’ या गुणधर्माचे मूल्य मात्र छापले जात नाही. गुणधर्म मजकुराप्रमाणे उतरवण्याचा नियम असला, तरी गुणधर्म हे घटकाचे अपत्य मानले जात नाहीत आणि म्हणून अंगभूत नियमांनी चालणारी प्रक्रिया त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

## साध्या मजकुरातील विशेष अडचण

साध्या मजकुराच्या पद्धतीत फलित-वृक्षातील मजकूर-नोडांची मूल्ये दस्तऐवजातील क्रमाने लिहिली जातात. घटकांच्या खुणा लिहिल्या जात नाहीत आणि विशेष चिन्हांचे सांकेतिक रूपांतरही केले जात नाही. एचटीएमएल आउटपुटमध्ये जुळणी चुकल्यास अपेक्षित शीर्षक, परिच्छेद किंवा सारणी दिसत नाही व चूक नजरेत भरते. साध्या मजकुरात मात्र बरोबर जुळलेल्या साच्याचे आउटपुट आणि अंगभूत नियमांतून गळलेला मजकूर एकसारखेच दिसतात.

याचा धोका मूळ दस्तऐवजाची रचना बदलते तेव्हा वाढतो. समजा, ग्रंथालयाच्या सूचीत प्रत्येक ग्रंथाखाली ‘उसनवार’ हा नवा घटक जोडला गेला आणि त्यात वाचकाचा दूरध्वनी क्रमांक असला. ‘ग्रंथ’ घटकाचा साचा ‘सिलेक्ट’ न देता सर्व अपत्यांवर प्रक्रिया करत असेल, तर स्टाइलशीटमध्ये काहीही न बदलता हा क्रमांक सार्वजनिक यादीत छापला जाईल. प्रोसेसरच्या दृष्टीने रूपांतर यशस्वी ठरलेले असते.

## लक्षणे व संभाव्य कारणे

| लक्षण | संभाव्य कारण |
|---|---|
| दस्तऐवजातील सर्व मजकूर सलग बाहेर पडतो | आकृतिबंध जुळत नाही; बहुधा नेमस्पेसचा दोष |
| आउटपुट पूर्ण रिकामे येते | ‘सिलेक्ट’मधील मार्गाने एकही नोड निवडला जात नाही, किंवा मजकूर दाबणारा साचा अस्तित्वात आहे |
| प्रत्येक नोंदीत पहिल्याच नोंदीचे मूल्य येते | साच्यात मूळ नोडपासून सुरू होणारा मार्ग वापरला आहे |
| अनेक मूल्यांपैकी केवळ पहिले येते | १.० आवृत्तीतील ‘व्हॅल्यू-ऑफ’चे वर्तन |
| नको असलेल्या रिकाम्या ओळी येतात | मूळ दस्तऐवजातील किंवा स्टाइलशीटमधील मोकळी जागा |
| क्रमांक २, ४, ६ असे पडतात | मोकळ्या जागेचे नोड मोजणीत आले आहेत |
| लिहिलेला साचा लागू न होता दुसराच लागू होतो | प्राधान्य किंवा आयात-क्रमाचा संघर्ष |

सारणीतील पहिल्या दोन लक्षणांतील फरक निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ‘मॅच’ चुकल्यास मजकूर सहसा गळतो. ‘सिलेक्ट’ चुकल्यास मजकूर नाहीसा होतो. आउटपुट जास्त आहे की कमी, एवढे पाहूनही शोधाची दिशा ठरवता येते.

## प्रमुख दोष व निवारण

### नेमस्पेस

जुळणी न होण्याचे सर्वाधिक परिचित कारण नेमस्पेस हे आहे. एक्सएमएलमध्ये घटकाचे पूर्ण नाव नेमस्पेसचा पत्ता आणि स्थानिक नाव या दोन भागांचे असते. मूळ दस्तऐवजाच्या सर्वोच्च घटकावर उपसर्गरहित नेमस्पेसची घोषणा असली, की त्याखालील सर्व उपसर्गरहित घटक त्या नेमस्पेसमध्ये जातात. फाइल वाचणाऱ्याला ‘ग्रंथ’ हे नाव पूर्वीसारखेच दिसते, पण प्रोसेसरच्या दृष्टीने ते वेगळे नाव असते.

एक्सपाथ १.०मध्ये आकृतिबंधातील उपसर्गरहित नावाचा अर्थ ‘कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसलेला घटक’ असा होतो. स्टाइलशीटमध्ये तीच घोषणा उपसर्गाविना पुन्हा लिहिली तरी आकृतिबंधांवर तिचा परिणाम होत नाही. आरएसएस २.०चे मूळ घटक कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसतात, तर ॲटम या स्वरूपातील घटक नेमस्पेसमध्ये असतात. त्यामुळे आरएसएससाठी चाललेली पद्धत नावे बदलून ॲटमसाठी वापरल्यास एकही साचा जुळत नाही आणि सर्व मजकूर सलग छापला जातो.

निवारणाचे तीन मार्ग आहेत :

* स्टाइलशीटमध्ये त्याच पत्त्यासाठी एखादा उपसर्ग घोषित करून प्रत्येक आकृतिबंधात तो वापरणे. उपसर्गाची अक्षरे मूळ दस्तऐवजाशी जुळण्याची गरज नसते. पत्ता मात्र वर्णागणिक जुळावा लागतो. शेवटच्या तिरप्या रेघेचा फरकही चालत नाही.
* २.० व पुढील आवृत्त्यांत ‘एक्सपाथ-डिफॉल्ट-नेमस्पेस’ हा गुणधर्म देणे.
* ‘\*[लोकल-नेम()='ग्रंथ']’ असा आकृतिबंध लिहिणे. हा उपाय तात्पुरत्या तपासणीस सोयीचा आहे, पण त्यामुळे निरनिराळ्या नेमस्पेसमधील समान नावाचे घटक एकच मानले जातात. शिवाय अशा आकृतिबंधाचे प्राधान्य साध्या नावाच्या आकृतिबंधापेक्षा अधिक असते.

गुणधर्मांना उपसर्गरहित नेमस्पेसची घोषणा लागू होत नाही. म्हणून घटकांच्या नावांना उपसर्ग जोडताना ‘@भाषा’सारख्या उपसर्गरहित गुणधर्मांनाही तो जोडल्यास नवा दोष निर्माण होतो.

### साच्यापर्यंत प्रक्रिया न पोहोचणे

आकृतिबंध अचूक असूनही साचा लागू होत नाही, असे अनेकदा आढळते. कोणत्याही साच्याने त्या नोडकडे प्रक्रिया वळवलेली नसते, हे त्याचे कारण होय. ‘ग्रंथ’च्या साच्यात ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’ नसेल, तर ‘शीर्षक’चा साचा कितीही बरोबर असला तरी वापरला जात नाही. ‘व्हॅल्यू-ऑफ’ ही सूचना साचे शोधत नाही. ती थेट मूल्य लिहिते. ‘ग्रंथ’ घटकाचे ‘व्हॅल्यू-ऑफ’ घेतल्यास त्याच्या आतील सर्व मजकूर एकत्र येतो व आतील घटकांचे साचे वगळले जातात.

गुणधर्मांसाठी लिहिलेले साचेही याच कारणाने निष्क्रिय राहतात. ‘सिलेक्ट’मध्ये ‘@भाषा’ किंवा ‘@\*’ असे स्पष्टपणे लिहिल्यासच त्यांचा विचार होतो.

‘मोड’ या गुणधर्मामुळे एकाच घटकासाठी वेगवेगळ्या प्रसंगी वेगळे साचे ठेवता येतात, उदाहरणार्थ अनुक्रमणिकेसाठी एक आणि सविस्तर नोंदीसाठी दुसरा. १.० आवृत्तीत ‘मोड’सह केलेली निवड केवळ त्याच मोडमधील साच्यांशी जुळते. मोड न दिलेले साचे तेव्हा विचारात घेतले जात नाहीत, अंगभूत नियम मात्र प्रत्येक मोडमध्ये उपलब्ध असतात. त्यामुळे मोडच्या नावातील एका अक्षराच्या चुकीनेही मजकूर गळू लागतो. मोडमधील साच्याने पुढे ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’ लिहिताना मोड देणे राहिल्यास प्रक्रिया पुन्हा नेहमीच्या मोडमध्ये जाते.

### प्राधान्याचा संघर्ष

एका नोडशी अनेक साचे जुळल्यास प्रथम आयात-क्रम आणि नंतर प्राधान्य पाहिले जाते. ‘प्रायॉरिटी’ हा गुणधर्म दिलेला नसल्यास १.० आवृत्तीत पुढील प्राधान्ये गृहीत धरली जातात :

| आकृतिबंधाचा प्रकार | उदाहरण | प्राधान्य |
|---|---|---|
| केवळ नोडचा प्रकार | \*, @\*, टेक्स्ट() | −०.५ |
| नेमस्पेसमधील कोणताही घटक | उपसर्ग:\* | −०.२५ |
| केवळ नाव | ग्रंथ, @भाषा | ० |
| मार्ग किंवा अट असलेला आकृतिबंध | ग्रंथसूची/ग्रंथ, ग्रंथ[@भाषा] | ०.५ |

‘ग्रंथसूची/ग्रंथ’ आणि ‘ग्रंथ[@भाषा='मराठी']’ या दोहोंचे प्राधान्य ०.५ आहे. दुसरा आकृतिबंध माणसाला अधिक नेमका वाटला, तरी प्रोसेसर तसा भेद करत नाही. अशा बरोबरीच्या स्थितीत १.० मानकानुसार प्रोसेसर त्रुटी दाखवू शकतो. न दाखवल्यास स्टाइलशीटमध्ये शेवटी आलेला साचा त्याने निवडला पाहिजे. साच्यांचा क्रम बदलताच आउटपुट बदलत असेल, तर असा संघर्ष असण्याची शक्यता मोठी असते. संबंधित साच्यांना ‘प्रायॉरिटी’ स्पष्टपणे देणे हा त्यावरील उपाय आहे.

आयात-क्रम हा प्राधान्यापेक्षा वरचढ असतो. मुख्य स्टाइलशीटमध्ये ‘\*’ या आकृतिबंधाचा साचा असल्यास तो आयात केलेल्या स्टाइलशीटमधील ‘ग्रंथ’च्या साच्यावर मात करतो, मग त्या साच्याला कितीही मोठे प्राधान्य दिलेले असो.

### मार्ग आणि मूल्ये

‘ग्रंथ’च्या साच्यात ‘/ग्रंथसूची/ग्रंथ/शीर्षक’ असा मार्ग लिहिल्यास प्रत्येक वेळी सर्व ग्रंथांची शीर्षके निवडली जातात. १.० आवृत्तीतील ‘व्हॅल्यू-ऑफ’ त्यांपैकी पहिलेच शीर्षक लिहिते आणि म्हणून ‘कोसला’च्या नोंदीतही ‘ययाति’ छापले जाते. येथे ‘शीर्षक’ एवढाच सापेक्ष मार्ग पुरेसा असतो. २.० आवृत्तीत ‘व्हॅल्यू-ऑफ’ सर्व मूल्ये लिहिते व त्यांच्यामध्ये, दुसरा विभाजक न दिल्यास, एक मोकळी जागा ठेवते. त्यामुळे प्रोसेसर व स्टाइलशीटवर नोंदवलेली आवृत्ती बदलल्यावर हाच दोष वेगळ्या रूपात दिसू शकतो.

### मोकळी जागा

एचटीएमएलमध्ये जास्तीची मोकळी जागा ब्राउझर सहसा दाखवत नाही. साध्या मजकुरात मात्र प्रत्येक रिक्त वर्ण हा आउटपुटचा भाग असतो.

मूळ दस्तऐवज वाचनीय दिसावा म्हणून सोडलेल्या ओळी व अंतरे यांचेही मजकूर-नोड बनतात. वरील उदाहरणात ‘ग्रंथसूची’ला दोन नव्हे तर पाच अपत्ये आहेत : दोन ग्रंथ आणि त्यांच्या मागेपुढे असलेले तीन रिक्त मजकूर-नोड. सर्व अपत्यांवर प्रक्रिया केल्यास ‘पोझिशन()’ या फलनानुसार ग्रंथांचे क्रमांक २ व ४ येतात. शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम टाळण्यासाठी ‘लास्ट()’शी केलेली तुलनाही त्यामुळे निकामी ठरते, कारण शेवटचे स्थान पाचवे असते. ‘सिलेक्ट’मध्ये ‘ग्रंथ’ असे लिहिणे किंवा ‘स्ट्रिप-स्पेस’ने रिक्त नोड काढून टाकणे, हे यावरील उपाय होत. मायक्रोसॉफ्टचा एमएसएक्सएमएल दस्तऐवज वाचतानाच असे नोड सामान्यतः वगळतो. म्हणून एका संगणकावर बरोबर पडणारे क्रमांक दुसरीकडे चुकू शकतात.

‘स्ट्रिप-स्पेस’ केवळ पूर्णतः रिक्त असलेले नोड काढते. शब्दांच्या मागेपुढे असलेली जागा ‘नॉर्मलाइज-स्पेस()’ने काढावी लागते. ज्या घटकांत मजकूर आणि उपघटक मिसळलेले असतात, तेथे रिक्त नोड काढल्याने दोन शब्द एकमेकांना चिकटू शकतात.

स्टाइलशीटमधील रिक्त नोड प्रोसेसर आपोआप काढतो, परंतु स्वल्पविरामासारखे एखादे चिन्ह साच्यात मोकळेपणे लिहिल्यास त्याच्या आजूबाजूच्या ओळी व अंतरेही त्याच नोडचा भाग बनून आउटपुटमध्ये उतरतात. याउलट, नवीन ओळीसाठी दिलेला वर्णसंदर्भ एकटाच लिहिल्यास तो रिक्त नोड ठरून गाळला जातो. दोन्ही बाबतींत अपेक्षित वर्ण ‘टेक्स्ट’ या सूचनेत बंदिस्त करणे हाच उपाय आहे.

## देवनागरी दस्तऐवजांतील जुळणी

नावांची तुलना युनिकोड संकेतांच्या क्रमानुसार होते. अक्षरे पडद्यावर कशी दिसतात याला महत्त्व नसते. मराठीतील ‘ऱ’ हे अक्षर एका संकेताने लिहिता येते किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येते. दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण मूळ दस्तऐवजात एक आणि आकृतिबंधात दुसरे असल्यास जुळणी होत नाही. एक्सपाथ २.०मधील ‘नॉर्मलाइज-युनिकोड()’ हे फलन मजकुराच्या तुलनेपूर्वी ही दोन रूपे एक करू शकते, १.० आवृत्तीत असे फलन नाही.

‘दऱ्या’सारख्या शब्दांत दिसणारा अर्धा र आणखी एका प्रकारे लिहिला जातो : र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक. हे रूप ‘ऱ’ व हलन्त या रूपाशी युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही एक होत नाही. जोडक सरसकट काढून टाकल्यास ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते आणि अर्थच बदलतो. त्यामुळे जोडकासह असलेला संपूर्ण क्रम ‘ऱ’ व हलन्त यांनी बदलणे आवश्यक ठरते. घटकांच्या नावांत हा जोडक वापरण्यास एक्सएमएल १.०च्या २००८ मधील पाचव्या आवृत्तीपासून परवानगी आहे. त्यापूर्वीच्या नियमांनुसार चालणारी साधने असा दस्तऐवज नाकारतात.

देवनागरी अंकांमुळेही अट असलेले आकृतिबंध निष्फळ ठरतात. एक्सपाथ केवळ इंग्रजी अंकांना संख्या मानते. ‘१९५९’ या मजकुराचे संख्येत रूपांतर केल्यास ‘संख्या नव्हे’ असे विशेष मूल्य मिळते आणि त्याच्याशी केलेली लहान-मोठेपणाची कोणतीही तुलना असत्य ठरते. वर्ष १९५० नंतरचे असावे अशी अट असलेला साचा त्यामुळे एकाही ग्रंथाला लागू होत नाही. तुलनेपूर्वी ‘ट्रान्सलेट()’ने देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घेता येतात. उलट दिशेने, क्रमांक देणाऱ्या ‘नंबर’ या सूचनेत ‘१’ हा देवनागरी अंक स्वरूप म्हणून दिल्यास देवनागरी क्रमांक तयार करण्याची तरतूद मानकात आहे.

ठरावीक रुंदीचे रकाने मांडताना ‘स्ट्रिंग-लेंग्थ()’ संकेत मोजते. ‘मराठी’ या शब्दाची लांबी तीन नव्हे तर पाच भरते, कारण काना व वेलांटी यांचे स्वतंत्र संकेत असतात. म्हणून या मोजणीवर आधारलेले रकाने देवनागरी मजकुरात सरळ रेषेत येत नाहीत. अशा वेळी टॅब किंवा स्वल्पविरामाने विभागणी करणे अधिक विश्वसनीय ठरते.

आउटपुटसाठी देवनागरी नसलेली वर्णसंकेतन-पद्धत निवडल्यास एक्सएमएल पद्धतीत अक्षरांऐवजी वर्णसंदर्भ लिहिता येतात. साध्या मजकुरात तशी सोय नसल्याने मानकानुसार प्रोसेसरने त्रुटी दाखवणे अपेक्षित असते. यूटीएफ-८ स्पष्टपणे नोंदवल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

## निदानाच्या पद्धती

न जुळलेल्या नोडांची नोंद मिळवणे हा निदानाचा गाभा आहे. त्यासाठी पुढील पद्धती वापरल्या जातात :

* सर्वसमावेशक साचा : ‘\*’ या आकृतिबंधाचा, अत्यल्प प्राधान्याचा साचा लिहून त्यात ‘मेसेज’ या सूचनेद्वारे घटकाचे नाव व नेमस्पेसचा पत्ता छापला जातो. अंगभूत नियमांचा क्रम सर्वांत खालचा असल्याने हा साचा त्यांच्याआधी लागू होतो. स्टाइलशीटमध्ये मोड असल्यास प्रत्येक मोडसाठी असा साचा लागतो. ‘मेसेज’चा मजकूर सामान्यतः त्रुटींच्या वाहिनीवर जात असल्याने मूळ आउटपुट बिघडत नाही.
* तात्पुरत्या खुणा : प्रत्येक साच्याच्या प्रारंभी व शेवटी त्याचे नाव चौकटी कंसांत लिहिल्यास कोणता मजकूर कोणत्या साच्यातून आला ते दिसते. खुणांच्या बाहेर असलेला मजकूर बहुधा अंगभूत नियमांतून आलेला असतो.
* लघुकरण : दोष कायम राहील अशा बेताने दस्तऐवज व स्टाइलशीट क्रमाक्रमाने लहान केली जाते. सर्वोच्च घटकावरील नेमस्पेसची घोषणा काढताच जुळणी होऊ लागल्यास कारण स्पष्ट होते.
* साधनांची मदत : सॅक्सन या प्रोसेसरमध्ये अंमलबजावणीचा माग दाखवण्याचा पर्याय आहे. लिबएक्सएसएलटीवर आधारलेल्या एक्सएसएलटीप्रॉक या आज्ञेलाही सविस्तर माहिती देण्याचा पर्याय जोडता येतो. एक्सस्पेक ही चाचणी-चौकट अपेक्षित व प्रत्यक्ष आउटपुटची तुलना करण्यासाठी वापरली जाते.

गळणारा मजकूर थांबवण्यासाठी ‘टेक्स्ट()’ या आकृतिबंधाचा रिकामा साचा लिहिण्याचा प्रघात आहे. ‘व्हॅल्यू-ऑफ’वर त्याचा परिणाम होत नसल्याने हव्या त्या मूल्यांची निवड चालू राहते. तथापि, या उपायाने लक्षण दबते, कारण दूर होत नाही. आकृतिबंध चुकीचा असल्यास पूर्वी गळणारा मजकूर आता नाहीसा होतो. त्यामुळे हा साचा जुळणी तपासून झाल्यावर लिहिणे श्रेयस्कर ठरते.

## आवृत्ती ३.०मधील तरतुदी

३.० आवृत्तीत न जुळलेल्या नोडांचे काय करावे हे ‘मोड’ या घोषणेतील ‘ऑन-नो-मॅच’ या गुणधर्माने ठरवता येते. मजकूर उतरवण्याचे जुने वर्तन हे त्यातील पूर्वनिर्धारित मूल्य आहे. त्याऐवजी नोडची प्रत करणे, नोड वगळून त्याच्या अपत्यांकडे जाणे, अपत्यांसह संपूर्ण नोड वगळणे किंवा त्रुटी दाखवून थांबणे असे पर्याय निवडता येतात. ‘वॉर्निंग-ऑन-नो-मॅच’ने इशारा मागवता येतो, तर ‘ऑन-मल्टिपल-मॅच’ने प्राधान्याच्या बरोबरीला त्रुटी मानता येते.

सार्वजनिक प्रसिद्धीसाठी किंवा अन्य प्रणालीला पुरवण्यासाठी साधा मजकूर तयार करताना त्रुटी दाखवून थांबण्याचा पर्याय विशेष उपयुक्त ठरतो. मूळ दस्तऐवजात अनपेक्षित घटक आल्यास रूपांतर तेथेच थांबते आणि त्या घटकासाठी साचा लिहायचा की तो वगळायचा, हा निर्णय जाणीवपूर्वक घेता येतो. लिबएक्सएसएलटी व झॅलन यांसारखे प्रोसेसर १.० आवृत्तीवर आधारलेले असल्याने तेथे हेच काम सर्वसमावेशक साच्यातील ‘मेसेज’ला थांबण्याचा गुणधर्म जोडून करावे लागते.

## हे सुद्धा पहा

* एक्सएमएल
* एक्सपाथ
* एक्सक्वेरी
* नेमस्पेस
* युनिकोड
* देवनागरी
* वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम